चित्रं जमत नाहीत असं वाटत असताना वेबकॉमिक कसं करायचं

नव्याने वेबकॉमिक करायला घेतलेल्या बहुतेकांची गाडी चित्रांपाशी अडते. कथा डोक्यात तयार असते, पात्रांची नावं ठरलेली असतात, दोन-तीन भागांचे संवादही वहीत लिहून झालेले असतात. मग पहिलं पान काढून होतं, ते इन्स्टाग्रामवरच्या एखाद्या कसलेल्या चित्रकाराच्या पानाशेजारी ठेवून पाहिलं जातं, आणि फाइल तिथेच पडून राहते. "आधी हात सुधारतो, मग कॉमिकला लागतो" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की पुढे काय होतं तेही पाठ झालंय. हात थोडाफार सुधारतो, कॉमिक होत नाही. कॉमिकमधलं चित्र हे वेगळं कसब आहे आणि ते कॉमिक करता करताच येतं.

अशा अडलेल्यांसाठी हे टिपण आहे. शंका पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्यांच्याही मनात ती असते. पण तिला नेमकं बोलायला लावता येतं, आणि एकदा ती नेमकं बोलली की बहुतेक वेळा तिच्यावर इलाज निघतो.

पायरी १ : "चित्र वाईट आहे" या वाक्यावर थांबू नका

डॉक्टरकडे जाऊन नुसतं "बरं वाटत नाही" म्हटलं तर औषध मिळत नाही. कुठे दुखतंय, कधीपासून, ते सांगावं लागतं. पानाचंही तसंच. काढून झालेलं पान एक दिवस बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी ते उघडून खटकणाऱ्या प्रत्येक जागेवर लाल गोल करा आणि प्रत्येक गोलासाठी एक पूर्ण वाक्य लिहा. "हात घाण आलाय" असं लिहून भागणार नाही. "दुसऱ्या चौकटीत कपाचा कान आणि बोटं एकमेकांत मिसळलीत, त्यामुळे तिने कप धरलाय हे कळत नाही" असं लिहा. "तिसऱ्या चौकटीतली मीरा पहिल्या चौकटीतल्या मीरापेक्षा दहा वर्षांनी मोठी दिसते" असं लिहा.

डिजिटल काम असेल तर आधी कॅनव्हास आडवा उलटा करून पाहा. आरशात पाहिल्यासारखं चित्र दिसतं आणि सरावाने नजरेआड झालेल्या चुका, म्हणजे एका बाजूला कललेला चेहरा, वरखाली झालेले डोळे, लगेच सापडतात. कागदावर काम करणाऱ्यांनी पान मागची बाजू आपल्याकडे करून खिडकीच्या काचेला लावावं. काम तेच होतं.

यादी तयार झाली की ती वाचा. नवोदितांची पानं पाहताना मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते : ज्याला ते "माझं ड्रॉइंग कच्चं आहे" म्हणतात, त्यातला मोठा भाग ड्रॉइंगचा नसतोच. अक्षरं नीट बसलेली नसतात, संवादाचे फुगे चुकीच्या जागी असतात, एका चौकटीत तीन गोष्टी घडत असतात. त्या दुरुस्त केल्या की तेच चित्र एकदम सावरतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पायरी २ : आधी अक्षरं सुधारा

मराठीत कॉमिक करणाऱ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे, कारण शिकवणीचे बहुतेक व्हिडिओ रोमन लिपी धरून केलेले असतात. देवनागरीचा स्वभाव वेगळा. शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार. दोन ओळींमधलं अंतर रोमनइतकंच ठेवलं तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेवर आदळतो आणि फुगा गिचमिड दिसतो. वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण पान कच्चं वाटतं. ओळींतलं अंतर वाढवा, एवढ्याने अर्धं काम होतं.

काही चित्रांच्या अ‍ॅपमध्ये जोडाक्षरं तुटतात. "प्रश्न" मधला प्र सुटा पडतो, वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. असं झालं तर मजकूर दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपमध्ये टाइप करून, मागची पार्श्वभूमी काढलेली पीएनजी फाइल करून पानावर आणा. फाँटसाठी गूगल फाँट्सवर हाताने लिहिल्यासारखा "कलम" मोफत मिळतो. थोडा जाड, गोलसर हवा असेल तर मुंबईच्या "एक टाइप" या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा "बलू" आहे. स्वतःचं अक्षर वाचता येण्यासारखं असेल तर हाताने लिहिणं सगळ्यात उत्तम. चित्रातली रेघ आणि अक्षरातली रेघ एकाच हाताची दिसते.

आणि क्रम महत्त्वाचा : आधी मजकूर ठेवा, मग त्याभोवती फुगा काढा, मग उरलेल्या जागेत चित्र बसवा. उलटं केलं की शेवटी फुगा कोणाच्या तरी डोक्यावर येतो. जो आधी बोलतो तो शक्यतो डावीकडे असावा. ओळ तोडताना अर्थाने तोडा, "तू काल मला / न सांगता गेलास" अशी. "तू काल मला न / सांगता गेलास" अशी तोडली की वाचणारा अडखळतो.

पायरी ३ : चौकटीचं काम काय, ते आधी ठरवा

या पायरीवर थोडं थांबू, कारण शंकेचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

समजा तुमच्या कथेत असा प्रसंग आहे : आजी दिवाळीचा फराळ करतेय आणि मुलाचा फोन येतो की यंदा येणं जमणार नाही. नवीन माणूस बहुधा अशी चौकट काढायला घेतो : आजी समोरून, चष्मा, डोळ्यांत पाणी, कानाशी फोन धरलेला हात, मागे कॅलेंडर, खिडकीतून तुळस, बाजूला गॅसची शेगडी. पाच बोटं काही केल्या जमत नाहीत. तीन तास जातात, बोटं खोडून खोडून कागद फाटायला येतो, आणि निष्कर्ष निघतो की "मला चित्रकला येत नाही."

आता प्रश्न वेगळा विचारू. या चौकटीतून वाचणाऱ्याला काय कळायला हवं? हेच की ती ज्याच्यासाठी करत होती तो येणार नाही, आणि तिचे हात थांबले. मग पहिली चौकट फक्त ओट्याची करा. ताटात पाडलेल्या चकल्या, शेवटची अर्धीच, सोऱ्या बाजूला ठेवलेला, शेजारी पालथा घातलेला मोबाइल. दुसऱ्या चौकटीत आजी पाठमोरी, खांदे थोडे उतरलेले. संवाद एकही नको. यात काढायला अवघड असं फारसं काही नाही. अर्धवट चकली, सोऱ्या, फोन आणि पाठीची एक रेघ. आणि बोटं जमली असती तरीही आधीच्या त्या गर्दीच्या चौकटीपेक्षा ही मांडणी सरसच आहे.

मात्र एक सावधगिरी हवी. हात टाळण्यासाठीच पात्रांना कायम खिशात हात घालायला लावलं किंवा सगळ्यांना छातीपर्यंतच दाखवलं, तर पाच-सहा भागांत वाचणाऱ्याला जाणवतं. जिथे हातच गोष्ट सांगतो तिथे हात काढावाच लागतो. याच प्रसंगात तिसऱ्या चौकटीत आजी पुन्हा सोऱ्या उचलते. इथे हात हवाच. तेव्हा असं करा : आईला किंवा घरातल्या कोणाला सोऱ्या धरायला सांगा आणि मोबाइलवर तीन-चार बाजूंनी फोटो घ्या. फोटो पाहून आधी तळवा म्हणजे एक चपटी पेटी, चार बोटं मिळून एक पाचर, अंगठा वेगळा, असे मोठे आकार काढा. ते सोऱ्याभोवती बरोबर बसले की मगच बोटं वेगळी करा. तीसुद्धा सगळी करायची गरज नसते. तर्जनी वेगळी दिसली आणि बाकीची तीन एकत्र राहिली तरी हात हातासारखा वाटतो. स्वतः काढलेल्या फोटोवरून काम करण्यात कमीपणा वाटून घेऊ नका. ही चोरी नाही, हा अभ्यास आहे.

नजर तयार करायची असेल तर शि. द. फडणीसांची शब्दांशिवायची हास्यचित्रं घेऊन बसा. एकेक चित्र पाहून स्वतःला विचारा की मला आधी काय दिसलं, मग काय, आणि गंमत नक्की कुठल्या रेघेपाशी कळली. "चिंटू" १९९१ पासून दैनिकात येऊ लागला. त्याची एखादी पट्टी घेऊन संवाद कागदाने झाका आणि नुसत्या चित्रांवरून मूड ओळखता येतो का पाहा. भुवईची रेघ किती थोडी हलवली की चेहरा बदलतो, हे असं पाहिल्यावर कायमचं लक्षात राहतं.

पायरी ४ : हाताला रोज पेलेल अशी शैली निवडा

वेबकॉमिकच्या इतिहासात एक गोष्ट ठळक आहे : मोठ्या वाचकवर्गाची कितीतरी कॉमिक्स साध्या चित्रांवर उभी आहेत. अमेरिकेतले रँडल मन्रो २००५ पासून "एक्सकेसीडी" करतायत. माणसं काड्यांची, चेहऱ्यावर डोळेसुद्धा नाहीत. त्यातल्या "टाइम" या कॉमिकला २०१४ मध्ये विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. रिच बर्लू यांचं "द ऑर्डर ऑफ द स्टिक" २००३ पासून चालू आहे, पात्रं पुन्हा काड्यांचीच. २०१२ मध्ये त्याची जुनी पुस्तकं पुन्हा छापण्यासाठी वाचकांनी साडेबारा लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम जमवली. कॅनडाचे रायन नॉर्थ "डायनॉसॉर कॉमिक्स" मध्ये २००३ पासून त्याच सहा चौकटी, तीच चित्रं वापरतात, बदलतात ते फक्त संवाद. आपल्याकडे रचिता तनेजा यांचं "सॅनिटरी पॅनेल्स" २०१४ पासून काड्यांच्या माणसांतून राजकारणावर बोलतं. त्याच वर्षी आरती पार्थसारथी यांनी "रॉयल एक्झिस्टेन्शियल्स" सुरू केलं, त्यात जुन्या लघुचित्रांमधल्या राजाराण्यांच्या तोंडी आजचे संवाद येतात.

सगळ्यात बोलकं उदाहरण जपानचं. वन या टोपणनावाने काम करणाऱ्या लेखकाने २००९ मध्ये "वन पंच मॅन" स्वतःच्या संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली. चित्रं अगदी ओबडधोबड होती. युसुके मुराता हे तेव्हा नावाजलेले व्यावसायिक चित्रकार. त्यांनी ते वाचलं, लेखकाला गाठलं, आणि २०१२ पासून तीच कथा ते नव्याने काढू लागले. मुरातांचं ड्रॉइंग थक्क करणारं आहे. पण त्यांना ओढून आणलं ते त्या ओबडधोबड पानांनी. प्रसंग कुठे कापायचा, कुठे ताणायचा, हशा कुठल्या चौकटीत पाडायचा हे वनला पक्कं कळत होतं, आणि ते त्या वेड्यावाकड्या रेघांतूनही पोचत होतं.

याचा अर्थ साधं चित्र सोपं असतं असा घेऊ नका. मन्रोंच्या काडीच्या माणसाला चेहरा नाही, म्हणून मानेचा कल आणि खांद्यांचा उतार यांवर सगळा भार येतो. एक काडी चुकली की भाव चुकतो. कॉमिकचे अभ्यासक स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये मांडलेला मुद्दा इथे उपयोगी पडतो : चेहरा जितका साधा, तितका वाचणारा त्यात स्वतःला पाहू शकतो. म्हणजे साधेपणा ही जाणीवपूर्वक केलेली निवड असू शकते. ती तुम्ही निवड म्हणून करा, नाइलाज म्हणून नको.

शैली पेलते का हे तपासायची रीत अशी. कामाच्या दिवशी संध्याकाळी, दमलेले असताना, मुख्य पात्र एका बैठकीत वेगवेगळ्या अवस्थांत काढा : बसलेलं, पळणारं, पाठमोरं, जेवताना, चिडलेलं, वाकून चप्पल घालताना. बैठक संपायच्या आधीच तुम्ही वैतागलात तर शैली सोपी करा. केसांच्या बटा कमी करा, शर्टावरच्या चौकटी काढून टाका, डोळ्यांचे ठिपके करा. चौकटीचा शर्ट पहिल्या पानावर छान वाटतो. चाळिसाव्या पानावर तो तुमचं कॉमिक बंद पाडतो.

शैली ठरली की प्रत्येक पात्राचा एक तक्ता करून भिंतीवर लावा. समोरून, बाजूने, पाठमोरं, तीन-चार भाव, आणि दुसऱ्या पात्राशेजारी उभं राहिल्यावर उंची कुठपर्यंत येते. मघाची मीरा प्रत्येक चौकटीत वेगळी दिसते याचं कारण बहुधा हेच असतं की तिचं नाक आणि कपाळ किती, हे कधी ठरवलेलंच नसतं.

पायरी ५ : पुढच्या भागाला लागेल तेवढंच शिका

शरीररचनेचं जाड पुस्तक पहिल्या पानापासून घोटत बसू नका. पुढच्या भागात स्कूटर आहे? मग हा आठवडा स्कूटरचा. खाली पार्किंगमध्ये उभी असेल तिच्यासमोर वही घेऊन बसा. प्रेशर कुकर आहे? स्वयंपाकघरात जा. असं शिकलेलं लगेच कॉमिकमध्ये वापरलं जातं, आणि सराव वाया जातोय ही भावना उरत नाही.

माणसांसाठी लोकल, एसटी स्टँड, बँकेतली रांग यांच्यासारखी शाळा नाही. एकेका माणसाला अर्धं-एक मिनिट द्या, चेहरा काढूच नका. वजन कुठल्या पायावर आहे आणि पाठ कशी वळलीय एवढंच पकडा.

रेघ थरथरत असेल तर तो तुमच्या कुवतीचा पुरावा नाही. मनगटाऐवजी कोपरापासून हात फिरवा, आणि इबिसपेंट किंवा क्रिटा यांसारख्या चित्रं काढायच्या अ‍ॅपमध्ये स्टॅबिलायझर, म्हणजे रेघेची थरथर कमी करणारी सोय, थोडा वाढवा. क्रिटा पूर्ण मोफत आहे. महागडा टॅब्लेट घेतल्याशिवाय जमणार नाही असं वाटत असेल तर कागद, काळं पेन आणि दिवसाच्या उजेडात मोबाइलने केलेलं स्कॅन यांवर पहिलं वर्ष आरामात निघतं.

पायरी ६ : छोटं काढा आणि पूर्ण करा

पहिलं कॉमिक म्हणून तीनशे भागांची महागाथा घेऊ नका. चार चौकटींची गोष्ट घ्या. मग एक पान. मग आठ पानांची एक संपणारी कथा. संपलेल्या आठ पानांमधून जे शिकायला मिळतं ते अर्धवट सोडलेल्या पन्नासातून मिळत नाही, कारण शेवट कसा जुळवायचा हे फक्त शेवटापर्यंत गेल्यावरच कळतं.

पानाला वेळेची मर्यादा घाला. घड्याळ लावा आणि वेळ संपली की पान पुरं समजा. मॅक्लाउड यांनी १९९० मध्ये चोवीस तासांत चोवीस पानांचं कॉमिक पुरं करायचं आव्हान सुरू केलं. तेव्हापासून जगभर लोक ते करतात. तुम्ही एवढं ताणू नका, पण त्यामागचं तत्त्व घ्या. घाईत असताना शंकेला बोलायला फुरसत मिळत नाही.

काम करताना चित्र कितीपट मोठं करून पाहताय याकडेही लक्ष ठेवा. वेबटून या कॉमिक वाचायच्या साइटवर कोणालाही आपलं कॉमिक टाकता येतं अशा "कॅनव्हास" नावाच्या विभागात पानाची रुंदी ८०० पिक्सेल असते आणि वाचणारा ते साधारण सात सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर, अंगठ्याने सरकवत पाहतो. तुम्ही मात्र चारशे टक्के मोठं करून पापणीच्या केसावर तासभर घालवता. दर थोड्या वेळाने पान स्वतःच्या फोनवर पाठवून वाचणाऱ्याच्या आकारात पाहा. छळणाऱ्या चुकांपैकी कितीतरी तिथे दिसतच नाहीत. ज्या दिसतात त्याच दुरुस्त करा.

पायरी ७ : कोणाला दाखवायचं आणि काय विचारायचं

"कसं वाटलं?" हा प्रश्न विचारू नका. आई "छान" म्हणणार, मित्र "भारी" म्हणणार, आणि दोन्हींतून तुमच्या हाती काही लागणार नाही. भाच्याच्या किंवा बहिणीच्या हातात फोन द्या, एक शब्द बोलू नका आणि अंगठ्याकडे लक्ष ठेवा. जिथे अंगठा थांबून मागे जातो तिथे काहीतरी कळलेलं नाही. ती चौकट लिहून ठेवा. वाचून झाल्यावर एवढंच विचारा : "काय झालं यात, सांग बरं." त्यांनी सांगितलेली गोष्ट तुमच्या गोष्टीशी जुळली तर तुमच्या चित्रांनी काम केलंय, तुम्हाला ती कितीही कच्ची वाटोत.

अनोळखी माणसाने "ड्रॉइंग बकवास" असं लिहिलं तर त्यात दुरुस्त करण्यासारखी नेमकी गोष्ट आहे का ते एकदा पाहा. नसेल तर उत्तर देऊ नका, पुढे जा. "तिसऱ्या चौकटीत कोण बोलतंय कळलं नाही" असं कोणी लिहिलं तर मात्र आभार माना. तो माणूस तुमचं कॉमिक खरंच वाचतोय.

तुलना थांबवता येत नाही, पण तिची दिशा बदलता येते. आवडत्या चित्रकाराचं आजचं पान पाहू नका; त्यांच्या कॉमिकचा पहिला भाग शोधून काढा. वेबकॉमिकची मोठी सोय ही की जुने भाग बहुतेक वेळा जसेच्या तसे उपलब्ध असतात. तिथून पुढे क्रमाने वाचत या आणि रेघ कधी, कशी बदलत गेली ते पाहा.

आणि तुमचे स्वतःचे जुने भाग? वीसेक भाग झाले की पहिले भाग पाहवत नाहीत, ते पुन्हा काढावेसे वाटतात. हा मोह फार जोरदार असतो. त्याला बळी पडलेली कॉमिक्स पहिल्या प्रकरणातच फिरत राहतात, कारण पुन्हा काढून होईपर्यंत हात आणखी सुधारलेला असतो आणि नवंही जुनं वाटू लागतं. फक्त अक्षरं वाचता येत नसतील किंवा गोष्ट कळत नसेल तरच जुन्या भागाला हात लावा. बाकी सगळं कथा संपेपर्यंत आहे तसं राहू द्या, आणि तो वेळ पुढच्या भागाला द्या.